वाकड्या सांध्याचे कौतुक करू नये

शिवडीच्या एका औद्योगिक गाळ्यात मी गेली काही वर्षे सुतारकाम शिकवतो. शिकायला येणाऱ्यांत व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेले आहेत, कच्चे कैदी म्हणून तुरुंगात दीर्घ काळ काढून सुटलेले आहेत, अपघातानंतर पूर्वीचे काम करू न शकणारे आहेत आणि घर सोडून निवारागृहात आलेल्या काही स्त्रियाही आहेत. या वर्गांविषयी ऐकल्यावर बहुतेक जण म्हणतात, की लाकडाच्या कामात मन रमते, त्यामुळे या लोकांना बरे वाटत असेल. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु मला हे म्हणणे अपुरे वाटते. मन रमवायला भजन आहे, बागकाम आहे, पत्त्यांचा डाव आहे. सुतारकामाने मोडलेले आयुष्य सावरायला मदत होते ती ते एक कठीण आणि बाजारात किंमत असलेले कसब आहे म्हणून, आणि तसेच ते शिकवले तरच. दयेपोटी सैल शिकवलेल्या सुतारकामाने माणसाचे फार थोडे भले होते, असे माझे ठाम मत झाले आहे आणि त्याची कारणे येथे मांडायची आहेत.

आघातानंतर माणसाला कामातून उभे करण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांना उपजीविकेचे शिक्षण देण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट याच शहरात सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे कामांतून रुग्णाला पुन्हा सक्षम करणाऱ्या उपचारांचे, शिक्षण सुरू केले, आणि देशातील ती अशी पहिलीच शाळा होती. व्यवसायोपचारात लाकूडकामाला स्थान मिळाले ते अगदी शारीरिक कारणांसाठी. उतरत्या फळीवर ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर दोन्ही हातांनी वरखाली घासताना खांदा आणि कोपर ठरावीक मर्यादेत हलतात. फळीचा चढ वाढवला किंवा कागद खरखरीत घेतला, की तेच काम अधिक जड होते. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) धरणारा हात स्थिर आणि मोगरी (लाकडी हातोडा) मारणारा हात हलता, अशी दोन हातांची वेगवेगळी कामे एकाच वेळी करावी लागतात. श्रम थोडेथोडे वाढवत नेण्याची ही सोय फार कमी कामांत आहे, आणि माझ्यासारख्या वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही तिचा उपयोग करता येतो.

माझ्या वर्गात पहिले काही दिवस कोणीही वस्तू बनवत नाही. पहिले काम असते पटाशीला धार लावण्याचे. निसण्यावर पाणी टाकून पटाशीचा उतार पंचवीस ते तीस अंशांत धरायचा, हात न डोलवता पुढेमागे न्यायचा, पात्याच्या मागच्या बाजूला बारीक कंगोरा बोटाला जाणवेपर्यंत घासायचे आणि मग पाठ सपाट टेकवून तो कंगोरा काढायचा. दारूचे व्यसन नुकतेच सुटलेल्या माणसाच्या हाताला बराच काळ कंप असतो. अशा हाताने कोन धरणे अवघड जाते, पण कोपरे बरगड्यांना टेकवून आणि हात न हलवता सगळे शरीर मागेपुढे झुलवून घासले, तर कंप असूनही धार लागते. ज्याचा हात थरथरतो त्याला ही युक्ती मी पहिल्याच दिवशी दाखवतो. स्वतःच्या शरीरावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. त्या शरीराकडून, ते आज जसे आहे तसेच असताना, नेमके काम करून घेता येते हे त्याला समजलेच पाहिजे. कागदाच्या कडेवर पटाशी ठेवली आणि कागद आवाज न करता कापला गेला, तर धार लागली. यात माझ्या मताला जागा नाही आणि त्याच्या मतालाही नाही.

त्यानंतर करवत येते. रेघ पेन्सिलीने न आखता धारदार सुरीने आखायची आणि रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायचे, म्हणजे रेघ तुकड्यावर शिल्लक राहते. मग रंधा. आधी एक पृष्ठभाग सपाट करायचा, त्याच्यावर खूण करायची, त्याला काटकोनात एक कड करायची, तिच्यावर खूण करायची, आणि पुढची सगळी मापे या दोनच खुणांवरून घ्यायची. लाकडाची रेषा ज्या दिशेने वर येते त्या दिशेने रंधा चालवला तर लांब, अखंड सोलीव निघते. उलट चालवला तर लाकूड उचकटते. पहिल्यांदा उचकटल्यावर बहुतेक जण रंधा आणखी जोरात दाबतात. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने चालवायचा, हे त्यांना सांगावे लागते, आणि एकदा हाताला कळले की पुन्हा सांगावे लागत नाही.

शेवटी सांधा. एका तुकड्याच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचे आणि दुसऱ्यात त्याच्या मापाची खाच घ्यायची. कुसू हाताने दाबून खाचेत गेले पाहिजे, आणि आत गेल्यावर तुकडा उलटा धरला तरी गळून पडता कामा नये. हातोडीने ठोकून घालावे लागले, तर खाचेकडचा तुकडा आज नाही तर उद्या फुटणार. सैल गेले, तर कितीही फेविकॉल भरला तरी खुर्ची डुगडुगणार.

माझे मत घडवणारा एक प्रसंग सांगतो. एकदा एका कंपनीतील मंडळी वर्ग पाहायला आली होती. साधारण चाळिशीतला एक विद्यार्थी नुकताच चौकटीचा पहिला सांधा जुळवून बसला होता. पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी तो हातात घेतला, त्याचे मनापासून कौतुक केले, छायाचित्र काढले. ती मंडळी गेल्यावर तो सांधा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा." मी गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून चौकट उजेडाकडे धरली. एका कोपऱ्यात गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसत होता. मी म्हटले, "एक सूत बाहेर आहे." त्याने विचारले, "मग ते चांगलं का म्हणाले?" मी सांगितले, की त्यांना सांधा पाहता येत नाही. त्याने मान हलवली, तो तुकडा भंगाराच्या खोक्यात टाकला आणि नवी रेघ आखायला बसला.

या माणसाने कित्येक वर्षे दोनच प्रकारचे बोलणे ऐकले होते. व्यसनात असताना शिव्या, आणि केंद्रात आल्यापासून समजूत. दोन्हींचा त्याच्या हातच्या कामाशी काही संबंध नव्हता. एक सूत बाहेर आहे, म्हणजे इंचाचा आठवा भाग बाहेर आहे, हे विधान त्याच्याविषयी नव्हतेच. ते लाकडाविषयी होते, तपासून पाहता येत होते आणि दुरुस्त करता येत होते. ज्याच्या प्रत्येक चुकीचा निकाल आजवर त्याच्या सबंध स्वभावावर लागत आला, त्याला अशी चूक मिळणे ही मोठी गोष्ट आहे. वाकड्या सांध्याचे कौतुक करणारा शिक्षक ती त्याच्याकडून काढून घेतो. वर, आपण शिकू शकणार नाही असे शिक्षकाने मनोमन ठरवले आहे, हे विद्यार्थ्याला लगेच कळते. बाहेरच्या जगाने गृहीत धरलेल्या माणसांना हे फार लवकर ओळखू येते.

बरोबर झालेल्या सांध्याचे मात्र मी भरभरून कौतुक करतो, आणि नेमके काय बरोबर झाले ते सांगूनच करतो.

लाकूड कोठून आणायचे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नवे सागवान शिकाऊ हातांत देणे परवडत नाही. न्हावा शेवा बंदरात मालाबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेट आणि खोकी यांचे पाईन स्वस्तात मिळते. त्यावर एक शिक्का असतो आणि तो वाचणे आवश्यक आहे: एचटी असे असेल तर लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, एमबी असे असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. दुसऱ्या प्रकारचे लाकूड मी गाळ्यात येऊ देत नाही. गिरगाव, लालबाग या भागांतील जुन्या चाळी पाडल्या जातात तेव्हा बर्मा टीकच्या तुळया, वासे आणि दारांच्या चौकटी निघतात. या लाकडातले सगळे खिळे काढून, चुंबक फिरवून खात्री करून मगच रंधा लावावा लागतो, नाहीतर पात्याचा तुकडा पडतो. वरचा काळा, चुन्याने माखलेला थर निघाला की खालून जे लाकूड दिसते, तसे आज नव्या बाजारात सहसा मिळत नाही. याच चाळींत वाढलेला एखादा विद्यार्थी वर्गात असला, की त्या दिवशी कामापेक्षा बोलणे अधिक होते, आणि मी ते होऊ देतो.

पहिली पूर्ण वस्तू म्हणून आम्ही पाट करतो. एकोणिसाव्या शतकात फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांनी आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी शाळांतून हस्तकौशल्य शिकवण्याची स्लॉइड नावाची पद्धत रुजवली, तिचा एक आग्रह मला पटलेला आहे: सराव म्हणून निरर्थक तुकडे कापत राहण्यापेक्षा प्रत्येक टप्प्याला घरात वापरता येईल अशी एक पूर्ण वस्तू तयार व्हावी, आणि वस्तूंचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जावा. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीचाही पाया हस्तव्यवसाय हाच होता. पाट दिसायला साधा असला तरी त्यात एक मेख आहे. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड रुंदीकडे फुगते आणि हिवाळ्यात आकसते, लांबीकडे मात्र त्यात जवळजवळ फरक पडत नाही. पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या फळीला पूर्ण लांबीभर चिकटवल्या, तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती मधोमध तडकते. म्हणून पट्टी मधल्या एका स्क्रूने पक्की करायची आणि टोकांकडच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवायची. जुलैमध्ये घराची दारे का अडकतात, याचे उत्तरही विद्यार्थ्याला याच वेळी मिळते आणि शेजारच्या घरातले अडकलेले दार त्याला तासता येऊ लागते. अनेकांची पहिली कमाई अशा दारापासूनच झाली आहे.

पाट घरी जातो तेव्हा काय होते, हे मला विद्यार्थ्यांच्या घरच्यांकडून ऐकायला मिळते. व्यसनाच्या वर्षांत ज्या माणसाने घरातली भांडी, पंखा, बायकोचे मंगळसूत्र विकायला बाहेर नेले, तो स्वतः केलेली वस्तू घरात आणतो. एका विद्यार्थ्याच्या आईने तो पाट बरेच दिवस वापरायला काढला नाही, कारण हा कोणाकडून उचलून आणला असावा अशी तिची शंका होती. पुढे ती स्वतः गाळ्यावर येऊन, मुलगा काम करताना पाहून गेली. विश्वास परत यायला वेळ लागतो आणि एका पाटाने तो येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवतो.

आता कमाईचा भाग, कारण तो टाळून या विषयावर बोलणे मला अप्रामाणिक वाटते. मुंबईत आज सुतारकाम म्हणजे मुख्यतः प्लायवूड, लॅमिनेट, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल. कुसू आणि खाच घालणाऱ्या कारागिराला रोजचे काम देणारे ग्राहक कमी आहेत. तरीही मी हातसांध्यांपासून सुरुवात करतो, कारण काटकोन, माप आणि धार यांची समज तेथे पक्की होते. परंतु तेथेच थांबत नाही. दुसऱ्या टप्प्यात आठ बाय चारचा प्लाय समोर ठेवून कपाटाचे सगळे तुकडे कागदावर बसवायला शिकवतो. चार फुटी रुंदीतून चोवीस इंचांच्या दोन पूर्ण पट्ट्या निघत नाहीत, कारण मशीनचे पाते स्वतःच सूतभर लाकूड खाते. हे ज्याला आधी कळते त्याचा एक प्लाय वाचतो आणि ठेकेदार त्याला पुन्हा बोलावतो. चौकट काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही कर्ण मोजून पाहायचे, दर लेखी द्यायचा, आगाऊ रकमेचा हिशेब वेगळा ठेवायचा, हेही अभ्यासक्रमातच आहे. मदतनिसाची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, आणि मिस्त्रीची हजेरी यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर ओलांडण्याइतके शिकवल्याशिवाय माणसाला कामावर सोडणे मला पटत नाही.

तुरुंगातून आलेल्यांसाठी या धंद्याचे एक खास महत्त्व आहे. सुरक्षा रक्षक, घरपोच सेवा, कार्यालयातील शिपाई अशा नोकऱ्यांसाठी पोलीस पडताळणी लागते आणि गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही तेथे अर्ज अडतो. नाक्यावर उभ्या असलेल्या किंवा ठेकेदाराकडे हजेरीवर जाणाऱ्या सुताराला बहुतेक वेळा तुझा सांधा दाखव एवढेच विचारले जाते. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहांत शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी सुतारकामाचे विभाग आहेत आणि तेथले फर्निचर विकलेही जाते. परंतु देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, त्यांना सक्तीचे काम नसते आणि म्हणून बहुधा शिक्षणही मिळत नाही. आर्थर रोडसारख्या तुरुंगात मुख्यतः असेच बंदी असतात. ते सुटतात तेव्हा वर्षे गेलेली असतात आणि हातात काही आलेले नसते. कागदपत्रांचा प्रश्न वेगळाच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. ओळखपत्र, राहण्याची जागा आणि न्यायालयाच्या तारखा मार्गी लागल्याशिवाय मी कोणालाही पटाशी धरून बसवू शकत नाही, हे मला अशा कार्यकर्त्यांकडून शिकावे लागले.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि नंतर पाच टक्के व्याजाने तारणाशिवाय कर्ज, अशी तिची रचना आहे. मात्र ती आधीपासून या व्यवसायात असलेल्यांसाठी आहे. आमच्या विद्यार्थ्याने काही काळ स्वतंत्रपणे काम करून दाखवल्यानंतरच तिचा उपयोग होतो, म्हणून अर्जाचे मी घाईने नाव काढत नाही.

स्त्रियांविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. कामात त्या कोठेही कमी पडत नाहीत. आखणीतील नेमकेपणा तर अनेकदा अधिक असतो. अडचण ठेकेदाराच्या साइटवर आहे, जेथे स्वच्छतागृह नसते आणि बाईला मिस्त्री मानायला कोणी तयार नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी आम्ही गृहनिर्माण सोसायट्यांतील दुरुस्तीच्या कामांवर भर दिला. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायकांना, ज्येष्ठ नागरिकांना दुरुस्तीसाठी स्त्री कारागीर आलेली आवडते, आणि बिजागरी बदलणे, कुलूप बसवणे, ड्रॉवर सरळ करणे या कामांचा या शहरात कधीच तुटवडा नसतो.

सगळेच टिकतात असे नाही. काही जण पहिल्या आठवड्यातच येणे सोडतात, काही जण चांगले शिकून पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि परत आले तर त्यांना गाळ्यात घ्यायचे असा आमचा नियम आहे. सुतारकाम हे औषधोपचारांच्या किंवा समुपदेशनाच्या जागी येऊ शकत नाही. गुंगी आणणारी औषधे चालू असलेल्याला मी मशीनजवळ उभे राहू देत नाही, मग तो कितीही कुशल असो. लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत होतो, त्यामुळे घासकामाच्या वेळी सगळ्यांनी मास्क लावायचाच. दिवस संपताना प्रत्येक अवजार भिंतीवरच्या फळीवर, त्याच्या आकाराची रेघ काढलेल्या जागी परत गेलेच पाहिजे. तुरुंगातून आलेल्या एकाला सुरुवातीला ही आपल्यावरची पाळत वाटली. सगळ्या चांगल्या कारखान्यांत असेच मोजतात, आणि मीही माझी पटाशी त्याच फळीवर ठेवतो, हे पाहिल्यावर त्याने ती मोजणी स्वतःकडे मागून घेतली.

ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. आजोबांच्या काळातील रंधे, पटाश्या, करवती माळ्यावर गंजत पडल्या असतील तर आपल्या भागातील अशा एखाद्या वर्गाला द्या. गंज निघतो, आणि ते जुने पोलाद बहुधा चांगलेच असते. आणि काम द्या, पण बाजारभावाने द्या. चौरंग, मांडणी, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, जे हवे असेल त्याचे माप आणि तारीख ठरवा, आगाऊ रक्कम द्या, माल घेताना गुण्या लावून पाहा, आणि सांधा उघडा दिसला तर तो परत करून दुरुस्त करून मागा.